सहीशिवायची वाक्यं

३ जून

भोपळ्या,

आधी आशीर्वाद घे आणि मग कामाला लाग. तीस वर्षांच्या घोड्याला अजून भोपळ्या म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. जन्मलास तेव्हा तुला उचलून माझी कंबर धरली होती, ती अजून सुटलेली नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण डावा कान गेला आणि उजवा जायच्या तयारीत आहे. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते. कोश करणाऱ्या बाईनं मनानं भरणं म्हणजे पापच. म्हणून पत्र.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका शब्दाच्या मागे लागलेय. 'सेट'. इंग्रजीतून आला आणि आपल्या घरात असा पसरला की आता तोच आपल्याला बाजूला सरकायला सांगतो. कपबशांचा सेट, नाटकाचा सेट, केस सेट, गाडीचा आरसा सेट, पोरगा सेट, पोरीचं कुणाशी तरी सेट. माझ्याकडे शंभराच्या वर वापर झालेत आणि एक प्रकाशक एवढ्या एकाच शब्दाचं छोटं पुस्तक काढायला तयार झालाय, बिचारा.

तू बाबाबरोबर दातांच्या लॅबमध्ये दिवसभर बसतोस. तिथे हा शब्द किती चालतो ते मला माहीत आहे. मला चिठ्ठ्या पाठव. नियम साधा आहे : एका चिठ्ठीवर एक वाक्य, जसं कानावर पडलं तसं. कोण म्हणालं, कुठे, कधी, हे खाली लिहायचं. मनानं रचलेलं एकही वाक्य चालणार नाही. आपण रचतो तेव्हा आपण स्वतःलाच ऐकत असतो.

तुझ्या बाबाचीही वाक्यं पाठव. मी मागितली असं त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर तो आठ दिवस तोंडाला कुलूप लावेल. सहा वर्षं माझ्याशी बोलला नाहीये, निदान त्याचं बोलणं तरी कागदावर येऊ दे.

तुझी आत्या


१९ जून

आत्या,

नमस्कार. पायाच पडलो असतो, पण इथून वाकलो तर मेणात पडेन.

सोबत एकवीस चिठ्ठ्या. तुझ्यामुळे मी पार बिघडलोय. कुणी बोलायला लागलं की मी त्याच्या तोंडाकडे न बघता खिशातली पेन्सिल काढतो. आई म्हणते, हा आता पोलिसात जाणार. तिचीही एक चिठ्ठी आहे : 'हा एकदा सेट झाला की मी डोळे मिटायला मोकळी.' तारखेची गरज नाही, रोज म्हणते.

दवाखान्यातली बाई म्हणाली, 'आज सरांचा मूड सेट नाहीये, कवळी उद्या दाखवा.' माल पोचवणारा म्हणाला, 'वॉचमनला सेट केलाय, गाडी आत घाला बिनधास्त.' आणि बाबा तर खाणच आहेत. वरचा सेट, खालचा सेट, मेणात दात सेट करणं, प्लास्टर सेट होणं. काल मी साचा जरा लवकर हलवला तर ओरडले, 'सेट होईपर्यंत हात लावलास तर तुझेच दात काढून बसवीन.' बाबांची एकूण सहा वाक्यं आहेत. त्यांना काही कळलेलं नाही.

हे पत्र टेबलावरच लिहितोय, ते समोर बसून काम करतायत. थांब, आत्ताच एक मिळालं. समोरचे सहा दात लावतायत, ते जमेनात, तर म्हणाले, 'आज हात सेट होईना रे.' असं मी कधी ऐकलं नव्हतं! प्लास्टर सेट होत नाही, दात सेट होत नाहीत, पण हात? मी म्हटलं, काय म्हणालात, परत म्हणा. तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा मुद्दाम जीभ जड करून म्हणाले, मला चिडवायला. चिठ्ठी केली : बाबा, लॅब, १९ जून, सकाळी साडेनऊ. बावीस झाल्या. आता पत्र पेटीत टाकून येतो, म्हणजे आजच निघेल.

तुझा
भोपळ्या


२७ जून

भोपळ्या,

अरे, काय पाठवलंस हे! चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि जेवण राहूनच गेलं.

तुला कान आहे. माझ्या घराण्यात तो एकालाही नव्हता असं मला वाटत होतं, म्हणजे माझ्याखेरीज. सगळ्यांत उजवी चिठ्ठी ती शेवटची. 'आज हात सेट होईना रे.' स्वतःच्या अवयवाबद्दल हा वापर माझ्याकडे एकही नव्हता. मी त्यावर लाल पेन्सिलीनं 'अस्सल' असं लिहिलं. त्याला परत परत म्हणायला लावलंस ते फार चांगलं केलंस. असंच करायचं. माणूस पहिल्यांदा घाईत बोलतो, तिसऱ्यांदा खरा बोलतो.

अजून पाठव. बाबाची जास्त पाठव. आणि एक विचारते, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. माझं नाव निघतं का रे घरात?

आत्या


१४ ऑगस्ट

आत्या,

उशीर झाला, माफ कर. लॅबमध्ये काम फार आहे, डोकं वर काढता येत नाही. बाकी सगळं ठीक.

सोबत नऊ चिठ्ठ्या. त्यांतल्या सात बाबांच्या. ३ ऑगस्टची वाच : 'संसार म्हणजे खालचा सेट. हलतो, पण काढून ठेवता येत नाही.' आणि ११ ऑगस्टची : 'राग प्लास्टरसारखा असतो. पुरता सेट झाला की मगच त्यावर काम करता येतं.'

तुझं नाव निघतं. परवा कामाच्या मधेच म्हणाले, 'ताईला सांग, माझ्या मनात काही नाही, मी कधीच सेट झालोय.' तीही चिठ्ठी त्या सातांतच आहे.

भोपळ्या


२२ ऑगस्ट

भोपळ्या,

ही चिठ्ठी मी दिवसभर पदराला बांधल्यासारखी घेऊन फिरले. दुधवाल्याला पैसे द्यायला गेले तर नोटेऐवजी तीच पुढे केली.

आता तुला एक सांगायला हवं. बाबानं सांगितलं नसणार, तो चहाड्या करत नाही. तू तेव्हा परगावी शिकत होतास. माझ्या निरोप समारंभात मी भाषण केलं. चांगलं चाललं होतं, लोक हसत होते, आणि मला चेव चढला. मी म्हटलं, 'आमचा धाकटा एका शब्दावर संसार करतो.' आणि त्याच्या आवाजात, त्याच्यासारखी मान वाकडी करून, नक्कल केली : दात सेट, बायको सेट, पोरगं सेट, आता फक्त मराठी सेट व्हायची राहिली. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. तो तिसऱ्या रांगेत होता. नवा शर्ट घालून आला होता, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. आधी तोही हसला. ते मी बघितलं. सगळे हसतायत म्हणून हसला. मग शेजारच्यानं त्याला विचारलं असावं, तुम्हीच का ते? तो जेवायला थांबला नाही.

मी काय केलं? कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला, गंमत होती म्हणून. माझी मला लाज वाटते, भोपळ्या. हे पुस्तकसुद्धा मी त्यासाठीच धरलं. त्याची वाक्यं छापायची, खाली त्याचं नाव, आणि वरती लिहायचं की हा शब्द मला माझ्या भावाकडून कळला. तोंडानं माफी मागायची हिंमत नाही म्हणून छापून मागायची. म्हातारी झाले तरी भित्री ती भित्रीच.

त्याची आता चौदा वाक्यं झाली. ज्याची तीनाहून जास्त वाक्यं येतात त्याची सही मी घेते, नाव छापायला हरकत नाही म्हणून. सोबत कागद आहे. त्याच्या मनात काही नसेल तर तो करेल सही. मला बाकी काही नको. ती सही आली की मी सुटले.

आत्या


१० सप्टेंबर

आत्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन शेगडीत गेली. आता सरळ लिहितो.

बाबा बोलत नाहीत. १९ जूनपासून. अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. पाय आता थोडा ओढत टाकतात. सगळं कळतं त्यांना, पण तोंडातून 'अं अं'च्या पलीकडे काही निघत नाही.

१९ जून, सकाळी साडेनऊ. तू ज्यावर 'अस्सल' लिहिलंस ती चिठ्ठी. ते शब्दाचा नवा वापर करत नव्हते, आत्या. त्यांचा हात खरंच चालत नव्हता आणि ते मला सांगत होते. जीभ मला चिडवायला जड केली नव्हती, ती जड झाली होती. एका लेकाला त्याचा बाप सांगतोय की मला काहीतरी होतंय आणि लेक म्हणतोय, परत म्हणा, नीट लिहून घेतो. तीनदा! मग मी ऐटीत पत्र टाकायला गेलो, वाटेत चहा प्यालो. परत आलो तर ते टेबलावर डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, डोळा लागला. अकरा वाजता आई डबा घेऊन आली, तिनं ओळखलं.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, साडेनऊपासून. ते म्हणाले, 'मग एवढा वेळ काय करत होतात?' सांगू त्यांना, चिठ्ठी लिहीत होतो?

तुला कळवायला बसलो आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं, लाल पेन्सिलीचं. मग माझी छातीच झाली नाही. झटक्याचं सांगायचं तर ही वेळ सांगावी लागली असती. म्हणून ऑगस्टच्या सातही चिठ्ठ्या मी रचल्या. राग आणि प्लास्टर, ते माझं. 'ताईला सांग, माझ्या मनात काही नाही', तेही माझंच. तुला बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. पण खरं म्हणजे त्या चिठ्ठ्यांत बाबा बोलत होते ना, तेवढा वेळ मला सुटल्यासारखं वाटायचं.

आईला मी सांगितलं होतं की आत्याला कळवलंय. तीन महिने ती दाराकडे बघतेय. परवा म्हणाली, 'दगड आहे तुझी आत्या. सख्खा भाऊ आडवा पडला आणि हिचा पाय निघत नाही.' मी तिला तुझ्या नावानं बोटं मोडू दिली.

तुझा कागद आला तेव्हा मी काय केलं तेही ऐक. बाबांची सही गिरवायला बसलो. दुसऱ्याच्या दातांसारखे दात करायचा माझा धंदाच आहे, सही काय मोठी. पाच-सहा झाल्या, शेवटच्या दोन हुबेहूब. मागे बघतो तर बाबा भिंत धरून उभे. किती वेळ होते कोण जाणे. मला वाटलं कागद फाडतील. त्यांनी डाव्या हातानं पेन्सिल उचलली आणि माझ्या सहीखाली स्वतः करायला गेले. नुसती एक रेघ आली, वाकडीतिकडी. ती बघून ते पेन्सिल ठेवून आत गेले. 

सही नाही, आत्या. आणि तुझ्यावर त्यांचा राग आहे की नाही, मला माहीत नाही. कधी विचारलंच नव्हतं.

तुझा भाचा


१५ सप्टेंबर

भोपळ्या,

तुला शिव्या द्यायला बसले होते. दोन ओळी लिहिल्याही. मग त्या चिठ्ठ्या काढल्या. माझा भाऊ आयुष्यात कधी उपमा देऊन बोलला नाही. 'संसार म्हणजे' असं सुरू होणारं वाक्य त्याच्या तोंडात बसतच नाही, हे आंधळ्यालाही दिसेल. बत्तीस वर्षं मी पोरांचे निबंध तपासून कुणी कुणाचं उतरवलंय ते सांगत आले. मला दिसलं नाही, कारण मला दिसायला नको होतं. आणि खरी चिठ्ठी हातात आली तेव्हा मी काय केलं? पाठ थोपटली. असंच करायचं म्हणाले. तेव्हा साडेनऊची लाज तुझ्या एकट्याची नाही. अर्धी माझ्याकडे ठेव.

पण आईशी खोटं बोललास ते तुझं तू निस्तर. आजच्या आज तिला सगळं सांग. मी येईन तेव्हा तिला मला बोलायचं असेल तर खऱ्या कारणासाठी बोलू दे, तशी कारणं भरपूर आहेत.

गुरुवारी पोचते. बाबाला सांगून ठेव. येऊ नको म्हणाला तर, म्हणजे तसं दाखवलं तर, मी दारातूनच परत जाईन.

आत्या


६ ऑक्टोबर

आत्या,

पार्सल पोचेल तेव्हा जपून उघड, आत तुझे दात आहेत.

तुझ्यासमोर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, 'चहा कुठे प्यालास त्या दिवशी?' मी सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती जेवण वाढायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी बाबांना माझ्या हातून भरवायला लावलं. तेव्हापासून रोज मीच भरवतो.

तू आलीस तेव्हा तीन दिवस बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवून ठेवलं होतं, ते मी बघत होतो. तू खुर्ची घेऊन त्यांच्या पाठीशी बसायचीस. रविवारी मी दवाखान्यात काम पोचवायला गेलो आणि परत आलो तर टेबलावर एक कवळी, तिच्यावर निळ्या पेन्सिलीच्या खुणा, तू तोंडाला टॉवेल लावून बसलेली, आणि आई डोळे पुसत होती. रडत होती की हसत होती तेही कळेना. विचारलं तर म्हणते, आत्यालाच विचार.

तू ठेवून गेलेली कवळी बाबांनी चार वेळा घासून घेतली माझ्याकडून. डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून बघायचे आणि मान हलवायचे, नाही. पाचव्यांदा ठीक आहे म्हणाले, म्हणजे मान डोलावली. इतकं काम त्यांनी जूनपासून केलं नव्हतं.

काय झालं होतं त्या दिवशी?

भोपळ्या


१३ ऑक्टोबर

भोपळ्या,

दात छान बसले. हिरडी दुखत नाही. शेजारीण म्हणाली, तुमचा आवाज बदलला का हो?

पुस्तकाचं आधी सांगते. तुझ्या बाबाची चौदाही वाक्यं मी काढली. सात खोटी म्हणून, आणि सात खरी असली तरी त्याला न विचारता घेतलेली म्हणून. प्रकाशक कुरकुरतोय, कुरकुरू दे. ती लाल पेन्सिलीची चिठ्ठी फाडायला माझा हात होईना. सोबत पाठवतेय. तिचं काय करायचं ते बाबाला दाखवून ठरव.

आता रविवारचं. तू गेलास आणि मी मनाशी ठरवलं, आज बोलायचंच. त्याच्या पाठीकडे बघून सगळं बोलले. समारंभ, तिसरी रांग, शर्टाच्या घड्या, सगळं. म्हटलं, मी चारचौघांत तुझं हसं केलं, माझं चुकलं, मी तेव्हाच खाली उतरून तुझा हात धरायला हवा होता. तो हललाही नाही. मी रडायला लागले आणि बोलतच राहिले, आणि अचानक तो वळला. माझ्या डोळ्यांकडे नाही रे, थेट माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी 'सहा वर्षं' म्हटलं की कपाळाला आठी. 'समारंभ' म्हटलं की पुन्हा आठी. मग लक्षात आलं. माझा 'स' शिट्टी मारत होता.

ही कवळी मी चार वर्षांपूर्वी इथल्या एकाकडून करून घेतली. सख्खा भाऊ आयुष्यभर कवळ्या करतोय आणि मी तोंड परक्याच्या हातात दिलं, कारण त्याच्यापुढे जायची लाज. पहिल्या दिवसापासून टोचत होती. बोलले नाही कुणाला, वेदना सोसायची सवय झाली होती.

त्यानं डावा हात पुढे केला. पंजा उघडून. काढ म्हणून.

भोपळ्या, बिनदातांचं माझं तोंड मी आरशालाही दाखवत नाही. आंघोळीला दार लावून काढते. पण त्याचा हात तसाच उघडा होता आणि तो मागे घेत नव्हता. मी पाठ फिरवून काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग तोंडावर हात धरून बसले. त्यानं ती उजेडाकडे धरली, उलटी केली, आतून बघितली आणि असं तोंड केलं की ज्यानं ती केली तो समोर असता तर त्याची धडगत नव्हती. पेन्सिलीनं खुणा केल्या.

मी म्हटलं, जमेल ना रे? पण दातांशिवाय ते काय निघणार, नुसती फूफू झाली. त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि अर्धा चेहरा हलत नाही त्याचा, तरी उरलेल्या अर्ध्यानं गाल आत ओढून, ओठ गिळून, त्यानं माझी नक्कल केली. फूफू, फूफू. आणि हसला. आवाज करून हसला! असा काही की तुझी आई हातातलं भांडं टाकून धावत आली, तिला वाटलं पुन्हा काही झालं.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते त्यानं सांगितलेलं नाही आणि मी आता मनानं काही भरत नाही. तुझी आई दारात उभी राहिली तेव्हा त्यानं तिला दाखवायला ती नक्कल परत केली. ती पोट धरून खाली बसली. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी तोंडावरचा हात काढला आणि तशीच बसून राहिले, त्यांचं हसून होईपर्यंत.

आत्या